जोडाक्षरं दिवाळीनंतर नकोत, जूनमध्येच हवीत



पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, मुलं वाचताना नेमकी कुठे अडतात? उत्तर ठरलेलं असतं. जोडाक्षर आलं की गाडी थांबते. पण त्यातही एक फरक आहे, तो फारसा कुणी बघत नाही. 'पुस्तक', 'रस्ता', 'गोष्ट' असे शब्द मूल थोडं रेंगाळून का होईना वाचून काढतं. 'प्रकाश', 'श्रावण', 'क्रमांक', 'स्वर' आले की मात्र ते अक्षरावर बोट ठेवून बसतं, नाहीतर 'परकाश', 'शरावण' म्हणून पुढे जातं.

असं का होतं ते तोंडाने बोलून बघा. 'पुस्तक' म्हणताना आपण 'पुस्-तक' असं म्हणतो. अर्धा स मागच्या 'पु'ला टेकून उभा राहतो. 'रस्-ता', 'गोष्-ट' तसंच. म्हणजे मधल्या जोडाक्षरातल्या अर्ध्या वर्णाला मागे आधार मिळतो. 'प्रकाश'मधल्या प् ला मागे कुणीच नाही. त्याला एकदम र वर उडी मारावी लागते. मोठ्यांना ही उडी जाणवत नाही, सहा वर्षांच्या मुलाला ती चांगलीच जाणवते.

मी पेण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते. माहेर रोह्याचं. त्यामुळे खाली जी उदाहरणं येतील ती या दोन तालुक्यांतलीच आहेत, तुम्ही तुमच्या गावची घाला. आणि हा लेख सगळ्या जोडाक्षरांबद्दल नाही, फक्त शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या जोडाक्षरांबद्दल आहे. माझं म्हणणं असं की ती पहिलीच्या जून महिन्यापासूनच शिकवायला घ्यावीत, मुलाच्या तोंडात आधीपासून असलेल्या शब्दांतून. बाराखडी संपायची वाट बघू नये.

आपल्याकडचा रूढ क्रम सगळ्यांना पाठ आहे. आधी अक्षरं, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि सगळ्यात शेवटी जोडाक्षरं. मी डीएड केलं तेव्हा (आता त्याला डीएलएड म्हणतात) जोडाक्षरांच्या पाठाचं टाचण म्हणजे फळ्यावर 'प् + र = प्र' लिहायचं आणि वर्गाकडून 'अर्ध्या प ला र जोडला प्र' असं तीनदा म्हणून घ्यायचं. आजही बहुतेक वर्गांत हेच चालतं. लिहायला शिकवताना ते ठीक आहे, कोणतं अक्षर अर्धं काढायचं ते कळतं. वाचायला मात्र त्याचा काही उपयोग नाही. 'अर्धा प' हा कानाला कसा ऐकू येतो? तो कुणी ऐकलेलाच नाही. मूल 'प' आणि 'र' दोन्ही पूर्ण ऐकतं आणि दोन्ही पूर्ण म्हणतं. 'परकाश' हे आपणच शिकवलेलं असतं.

आता गंमत बघा. सुरुवातीच्या जोडाक्षराला घाबरणारं हे मूल काही जगावेगळं नाही. आपल्या मराठीनेच शेकडो वर्षं हेच केलं आहे. संस्कृतातलं 'ग्राम' आपल्याकडे 'गाव' झालं, 'क्षेत्र'चं 'शेत' झालं, 'द्वार'चं 'दार', 'भ्राता'चा 'भाऊ', 'प्रहर'चा 'पहर', 'स्थान'चं 'ठाणं'. प्राकृतातून येताना शब्दाच्या तोंडावरची जोडणी गळून पडली. म्हणून आपल्या घरगुती, रोजच्या शब्दांत सुरुवातीचं जोडाक्षर कमी सापडतं. आपल्या गावांची नावं आठवा: पेण, रोहा, वडखळ, हमरापूर, जोहे, कासू, नागोठणे, कोलाड, धाटाव. गागोदे, म्हणजे विनोबांचं जन्मगाव, तेही तसंच. (देशातल्या सगळ्या भाषा नागरी लिपीतही लिहिल्या जाव्यात असा आग्रह धरणाऱ्या माणसाचं गाव आणि स्वतःचं नाव दोन्ही पहिलीतल्या पोराला लगेच वाचता येतं, हे मला फार आवडतं.) भोगावती, कुंडलिका, अंबा, नद्यांचीही तीच गोष्ट. जोडाक्षराने सुरू होणारे शब्द नंतर दोन दारांनी परत आले. एक संस्कृतमधून जसेच्या तसे घेतलेले, प्रकाश, प्राणी, श्रम, ग्रह, स्वच्छ. दुसरे इंग्रजीतून, ट्रक, ब्रश, ग्लास, स्टँड, क्रिकेट.

पहिल्या दारातले शब्द पुस्तकात असतात, मुलाच्या घरात फारसे नसतात. दुसऱ्या दारातले घरात असतात, पण आपण ते 'मराठी नाहीत' म्हणून फळ्यावर लिहीत नाही. आणि तिसरा एक गट आहे, अस्सल मराठीचा, तो तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही: द्या, घ्या, प्या, त्या, ज्या, व्हा, म्हण, म्हैस, म्हातारा, न्हाणी.

या तिसऱ्या गटापासून सुरुवात करा, असं मी सांगते. मूल शाळेच्या पहिल्या दिवशी काय म्हणतं? 'बाई, मना खडू द्या ना.' हा 'द्या' त्याच्या तोंडात पक्का बसलेला आहे. त्याला तो 'दया' म्हणायला सांगितलं तर ते हसेल. मग 'द्या' हा शब्द त्याला दीड वर्ष थांबवून, दुसरीच्या दुसऱ्या सत्रात, 'अर्ध्या द ला या' असा का शिकवायचा?

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. पहिल्या पंधरा दिवसांत फळा-खडू नाही, फक्त कान. दोन शब्द मी म्हणते: दया, द्या. 'दया' ही वर्गातल्या कुणाची तरी ताई किंवा मावशी असतेच. दोन्हींवर टाळ्या वाजवायच्या. द-या, दोन टाळ्या. द्या, एकच. मग परत आणि प्रत. मग शरम आणि श्रम. 'परत'ला दोन, 'प्रत'ला एक. 'प्रत' म्हणजे काय हे पहिलीच्या मुलाला माहीत नसेल तर वहीवरचं नाव दाखवून 'ही तुझी प्रत, ही माझी' एवढं पुरतं. इथे एक काळजी घ्या. टाळी अक्षराला नको, उच्चाराला हवी. 'परत' मध्ये अक्षरं तीन आहेत म्हणून काही जण तीन टाळ्या वाजवून घेतात आणि मग सगळाच खेळ बिघडतो. आपण 'प-रत्' असं बोलतो, दोनच ठोके.

'सवार' आणि 'स्वार' ही जोडी मात्र टाळते. दोन्हीचा अर्थ एकच, मुलं विचारतात मग दोन कशाला? आणि उत्तर द्यायला तास पुरत नाही.

कान तयार झाला की 'दया' आणि 'द्या' फळ्यावर एकाखाली एक. सांगायचं काहीच नाही, फक्त विचारायचं: खालच्यात काय वेगळं दिसतं? मुलं शोधतात. कुणी म्हणतं द या ला चिकटला, कुणी म्हणतं द चा पाय तुटला. 'पाय मोडणे' हा शब्द मुलांच्या तोंडून येतो तेव्हा आपण तो शिकवायची गरजच उरत नाही.

क्रमाबद्दल माझं मत असं. आधी य ची जोडणी: द्या, घ्या, प्या, त्या, ज्या. मग म्ह, न्ह, व्ह. हे लिहिताना जोडाक्षर दिसतं, पण भाषाशास्त्राचे बरेच अभ्यासक म्ह आणि न्ह यांना एकेकटेच महाप्राण ध्वनी मानतात, ख किंवा घ सारखे. म्हणून मुलाला म्हणायला ते अजिबात जड जात नाहीत. खारेपाटातल्या कुठल्याही घरात 'म्हावरं' हा शब्द दिवसातून दहादा येतो. ज्या पोराला म्हावरं म्हणता येतं त्याला 'म्ह' शिकवायचा नसतो, फक्त दाखवायचा असतो. त्यानंतर ल ची जोडणी: ग्लास, प्लेट, क्लास. मग र ची, उभ्या रेघेची आधी: प्र, ग्र, ब्र, श्र. क्र त्यांच्या लगेच मागे. मग ट्र आणि ड्र, कारण ट-ड ला उभी रेघ नाही, तिथे र ला खाली वेगळं घर करावं लागतं. स ची जोडणी, स्टँड, स्टूल, स्वर, ही मी सोयीप्रमाणे मध्ये घेते. त्रिकूटं, म्हणजे स्क्रू, स्प्रे, स्त्री, सगळ्यात शेवटी. रफार या यादीत नाहीच. तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, शिवाय तो ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा, हे सगळं उलटंपालटं आहे. 'मूर्ती' हा शब्द पेणच्या मुलाने बघून बघून ओळखावा, फोड करायची घाई नको.

र च्या जोडणीत डोळ्यांचीही अडचण आहे. 'प्र' मध्ये र कुठे आहे? एक तिरकी रेघ, बस. मुलाने महिनाभर र गिरवलेला असतो आणि इथे त्याचा मागमूस नाही. मी त्या रेघेला रंगीत खडू वापरते. पंधरा दिवस लाल, मग पांढरा. यात फार शहाणपण नाही, पण फरक पडतो.

आता शब्द कुठून आणायचे? पेणमध्ये ज्याच्या घरात किंवा शेजारी गणपतीचा कारखाना नाही असं मूल कमीच. हमरापूर-जोहे भागात तर घरागणिक काम चालतं. तिथल्या मुलाला ब्रश माहीत आहे, प्लास्टर माहीत आहे, स्प्रे माहीत आहे, स्टूल माहीत आहे. 'श्री' तर जिथे तिथे लिहिलेला. पाच शब्द, पाचही सुरुवातीच्या जोडाक्षराचे, आणि एकही शब्द परका नाही. रोह्याच्या बाजूला धाटावच्या कारखान्यांमुळे ट्रक, ड्रम, प्लँट. एसटीच्या पाट्या तर फुकटचं पुस्तक आहे. पेणच्या स्टँडवर उभं राहा. अलिबाग, पनवेल, मुरुड सुटसुटीत वाचता येतात. मग श्रीवर्धन आणि म्हसळा येतात आणि पहिलीतलं पोर 'महसळा' म्हणून मोकळं होतं. तिथे 'चूक' असं न म्हणता 'गाडी कुठे जाते ते कंडक्टर काय ओरडतात?' एवढंच विचारा. ते लगेच 'म्हसळा' म्हणेल. कानात होतंच.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, कारण यातून मुलांचं नुकसान होतं. आमच्याकडे 'ब्रश'ला 'बुरूस' म्हणतात. 'ग्लास'ला 'गिलास', 'ट्रक'ला 'टरक', 'क्रिकेट'ला 'किरकेट'. काही जण 'स्टूल'ला 'इस्टूल' म्हणतात. बघा, यातही नियम आहे. ग्ल, ट्र, क्र यांच्यामध्ये स्वर घुसतो आणि स्ट च्या आधी येतो. पहिल्या प्रकाराला जुन्या व्याकरणात 'स्वरभक्ती' असं छान नाव आहे. 'रत्न'चं 'रतन' आणि 'जन्म'चा 'जनम' झाला तोही असाच. म्हणजे हा आळस नाही, अडाणीपणा तर नाहीच.

आता वाचन तपासणीच्या दिवशी एक मूल 'ब्रश' हे अक्षर बघतं आणि 'बुरूस' असं म्हणतं. तपासणारा तक्त्यात 'जोडाक्षरयुक्त शब्द वाचता येत नाहीत' अशी खूण करतो. मी म्हणते, त्या मुलाने वाचलं! त्याने लिपी ओळखली, शब्द ओळखला, अर्थ कळला आणि तो स्वतःच्या बोलीत म्हटला. दुसरं मूल 'बरश' म्हणतं, थांबतं आणि आपल्याकडे बघत राहतं. त्याने वाचलेलं नाही. कानाला दोन्ही चुका सारख्याच वाटतात, पण एक चूकच नाही आणि दुसरीवर खरं काम करायचं आहे. ओळखायचा उपाय सोपा आहे. विचारा, 'म्हणजे काय रे?' पहिलं मूल रंगवायची ॲक्शन करून दाखवेल. दुसरं गप्प बसेल.

निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे ध्येय आपल्यापुढे आहे. त्यात 'समजून' हा शब्द आहे. तक्ता भरताना आपण तो विसरतो आणि उच्चाराला गुण देतो. आगरी आणि कातकरी घरांतल्या मुलांना याचा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण त्यांची बोली पुस्तकापासून सगळ्यात लांब आहे. प्रमाण उच्चार शिकवू नये असं मी म्हणत नाही. तो शिकवायचाच, टाळ्यांच्या खेळात, गाण्यात, नाटुकलीत. पण मूल काही सांगत असताना मध्येच तोडून 'परकास नाही, प्रकाश म्हण' असं केलं की ते पुढच्या वेळी सांगतच नाही. मग आपण लिहितो, 'अबोल आहे'.

कातकरी मुलांचा विषय निघालाच आहे, तर जूनचा आग्रह का तेही इथेच सांगते. पेण आणि रोह्याच्या डोंगरकडेच्या वाड्यांवरची पुष्कळ कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. बरोबर मुलंही जातात. काही मागे राहतात, आजी-आजोबांकडे, पण सगळी नाही. आता आपलं वेळापत्रक त्यावर ठेवून बघा. जून ते ऑक्टोबर अक्षरं आणि स्वरचिन्हं. दिवाळीनंतर जोडाक्षरं. पहिलीत हे असं, दुसरीत पुन्हा उजळणी जूनपासून आणि जोडाक्षरांचा जोर पुन्हा दिवाळीनंतर. म्हणजे जे मूल दरवर्षी पहिलं सत्र नियमित शाळेत आहे, ते क पासून ज्ञ पर्यंत तीनदा शिकतं आणि जोडाक्षर त्याच्या वाट्याला एकदाही येत नाही. चौथीत गेल्यावर त्याला 'प्रश्न' हा शब्द वाचता येत नाही. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच ओळीत 'प्रश्न पहिला' असतं! आपण म्हणतो स्थलांतरामुळे मागे पडलं. स्थलांतर हे कारण आहेच, ते माझ्या-तुमच्या हातात नाही. पण कुठला भाग कुठल्या महिन्यात घ्यायचा हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. जून ते ऑक्टोबरमध्ये द्या-घ्या-प्या, म्हावरं-म्हैस आणि ब्रश-ट्रक एवढं जरी झालं तरी ते मूल भट्टीवर जाताना ट्रकवर लिहिलेलं वाचत जाईल.

काही सहकारी म्हणतात, 'आधीच मुलं अक्षरांत गोंधळलेली असतात, त्यात हे कशाला?' शंका बरोबर आहे. उत्तर असं की मी पहिल्या सत्रात सगळी जोडाक्षरं शिकवा म्हणत नाही. दहा-बारा शब्द, तेही चित्रासारखे ओळखीचे. अक्षरांची शिकवण जशी चालू आहे तशी चालू राहते. नाहीतरी आपण अक्षरं आता क-ख-ग या क्रमाने शिकवत नाही, गट करून शिकवतो, आणि दोन-चार अक्षरं झाली की शब्द वाचायला देतो. तीच सवलत जोडाक्षराला द्यायची.

दुसरी सूचना उलट्या बाजूने येते. कठीण आहे ना, मग कठीण शब्दच कमी करा. याची मोठी चर्चा २०१९ च्या जून महिन्यात झाली, तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसऐवजी 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. संख्या लिहायची एका क्रमाने आणि बोलायची उलट्या क्रमाने, शिवाय नावांत अवघड जोडाक्षरं, याने मुलं गणिताला घाबरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर किती विनोद झाले! विधानसभेतसुद्धा विषय गाजला. विनोद करणाऱ्या किती जणांनी दुसरीच्या वर्गात उभं राहून 'त्र्याण्णव' वाचून घेतलं असेल?

मी एकदा मोजून बघितलं. एक ते शंभरमध्ये जोडाक्षराने सुरू होणारी आठ नावं आहेत: त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याण्णव आणि त्र्याण्णव. त्यातल्या 'त्र्या'मध्ये त्, र्, य् असे तीन व्यंजनं एका अक्षरात कोंबलेली आहेत. शब्दाच्या मध्ये येणारी अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव वगैरे वेगळीच. नारळीकर बाईंनी दाखवलेली अडचण शंभर टक्के खरी होती, आणि ती मुलाची नसून शब्दांची आहे हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, याचं मला कौतुक आहे. उपायाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. बाजारात कोळीण बाई 'ब्याऐंशी' म्हणणार, आजोबा 'त्र्याहत्तरचा दुष्काळ' म्हणणार. पुस्तकातून शब्द बाजूला केला तरी कानावर तो येणारच. तेव्हा हे आठ शब्द वाचनाचे म्हणून सुरुवातीला देऊ नयेत, फक्त ऐकवावेत आणि म्हणवून घ्यावेत. दुसरीत प्र, त्र हाताळून झाल्यावर 'त्रे'ची तीन नावं वाचायला द्यावीत, 'ब्या'ची दोन त्यांच्या पाठोपाठ. 'त्र्या' तिसरीत आला तरी आभाळ कोसळत नाही. तोपर्यंत मूल अंकात ९३ लिहितंय आणि तोंडाने त्र्याण्णव म्हणतंय, एवढ्यावर गणित अडत नाही.

पालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. शेजारचं मूल इंग्रजी शाळेत जातं आणि घरी येऊन 'ब्लॅक, ब्लू, ब्रेड' अशी कार्डं वाचून दाखवतं. आपण टाळ्या वाजवतो. त्या शाळेत यासाठी वेगळे तास असतात, चित्रं असतात, गाणी असतात. आपलं मूल 'प्रकाश'ला अडलं की मात्र आपण म्हणतो, 'अजून वाचता येत नाही, शाळा बदलूया का?' अहो, दोन्ही मुलं एकच उडी शिकतायत. ब आणि ल एकदम म्हणायची उडी इंग्रजीत जेवढी अवघड, प आणि र ची मराठीत तेवढीच. तिला वेळ द्या, तिच्यासाठी तेवढेच खेळ खेळा. ज्या मुलाला 'ब्रश' मराठीत वाचता आला त्याला इंग्रजीत 'ब' आणि 'र' जोडायला नव्याने शिकवावं लागत नाही, कान तोच असतो.

घरी करायला फार काही लागत नाही. मोबाईलवर आलेली जोडाक्षरांची कार्डं मात्र जरा बघून वापरा. वेगवेगळ्या टाइपांत एकच जोडाक्षर वेगवेगळं दिसतं. 'द्या' कुठे द च्या पोटात य घातलेला दिसतो, कुठे द चा पाय मोडून शेजारी या लिहिलेला. पोटातला 'द्या' लहान मुलाला 'घा' किंवा 'ध्या' वाटू शकतो. आपल्या हाताने, मोठ्या अक्षरात, मोडलेल्या पायाचा लिहा. पुस्तकातला दुसरा प्रकार नंतर ओळखू येतो. आणि एका वेळी दोनच शब्द, जोडीने. तीस शब्दांची वर्कशीट रविवारी संपवून घेतली की सोमवारी मूल शाळेत येतं ते तोंड पाडूनच.

यंदा माझ्या वर्गाच्या भिंतीवर जूनमध्ये लागतील ते शब्द हे: द्या, घ्या, प्या, त्या, म्हैस, म्हावरं, न्हाणी, व्हा, ग्लास, ब्रश, ट्रक, श्री. बारा झाले. तुमच्या गावाला जमतील तसे बदला. धाटावकडे ब्रशच्या जागी ड्रम चालेल. चणेऱ्याच्या बाजूला, खाडीकाठी शाळा असेल तर म्हावरं सगळ्यात वर लिहा, खाली चित्र काढायला मुलंच पुढे येतील आणि कुठला मासा काढायचा यावरून भांडतील.